दुधनेचा काठ

डोळ्यातल्या पडद्यावर पातळ साय धरल्यामुळे आश्रुबा गुरुजींना पुस्तकातल्या ओळी वेड्यावाकड्या दिसत. ती साय ऑपरेशन करून काढायची होती. डॉक्टर संघप्रिया, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, संगणकावर त्यांच्या डोळ्याचं चित्र निरखत होती.

"गुरुजी, साय तर इथल्या सगळ्याच डॉक्टरांना दिसली. पण रक्तवाहिनीच्या कडेनं हे बारीक खड्डे हायत. इथं जोर लावला असता तर पडदाच फाटला असता. आता जपून काढते."

"तुलाच कसे दिसले गं?"

"मी आधी काठ बघते," ती हसली. "चौथीत दुधना नदीच्या नकाशात काठानं खड्डे काढले होते मी. तुमी म्हणालात, नकाशात असलं काही नसतंय, आणि एक मार्क कापला. मी म्हणाले, पूर ओसरला की काठ खचतोय गुरुजी, जाऊन बघा."

गुरुजी कधी गेलेच नव्हते.

बाहेर बाकावर त्यांच्या पत्नी कुसुमबाई जीव मुठीत धरून बसल्या होत्या. "काय म्हणाली डॉक्टरीण?"

"मी चुकलो होतो म्हणाली!" सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, ताठ मानेने गुरुजी म्हणाले. "आन् ते तिला चौथीतच कळलं होतं!"