साबणाचा घाणा

सासूबाई घरीच साबण करायच्या. मिश्रण घट्ट व्हायला लागलं की मला हाक मारायच्या. मदतीला नव्हे, नुसतं समोर उभं राहायला. अत्तराचा एकेक थेंब टाकायच्या आणि दर थेंबाला माझ्याकडे रोखून बघायच्या. जशी काही मी कृतीच चोरणार होते! तीन वर्षं मी तिथे धुमसत उभी राहिले.

आज त्यांच्या शेजारच्याच शेगडीवर दूध करपलं. वासाने मी आतल्या खोलीतून धावत आले, तर त्या शांतपणे मिश्रण ढवळत होत्या.

"आई, केवढा वास सुटलाय!"

"मला कुठे येतो वास? लग्नाआधी तुमच्या, त्या मोठ्या तापात गेला तो गेलाच."

मी दुधाचं भांडं खाली उतरवलं. "मग हे साबण? लोक एवढे नावाजतात ते?"

"तुझ्या कपाळावरची आठी गेली की मी हात थांबवते."

"पण मी तर इथे नेहमी चिडूनच उभी असते!"

"म्हणून तर तुला बोलावते. हसऱ्या चेहऱ्यावरून मला काय कळणार?"

फळीवर त्यांनी प्रत्येक घाण्यातला एकेक साबण जपून ठेवला होता. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तेवढ्या वेळा माझा राग गेला होता, आणि मला पत्ताच नव्हता.