तीन भोंगे

वस्तीतल्या बायका गेटवर आल्यात आणि त्यांना भोंग्याबद्दल बोलायचं आहे, असा निरोप वर केबिनमध्ये आला, तेव्हा भोंगेराव यंत्राचा हात फिरवायच्या बेतात होते. त्यांनी तरीही तीन भोंगे दिले. थांबले. खाली डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग हात कुंपणाकडच्या ढिगावर नेला, बदली माणसाला खुर्ची दिली आणि लोखंडी जिना उतरायला लागले. ही खुर्ची आता काही आपली राहत नाही, असं त्यांना जिन्यातच वाटून गेलं.

कोळशाच्या त्या बंदरात त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. वॅगनमधून आलेला कोळसा पट्ट्यावरून त्यांच्या यंत्रात यायचा आणि यंत्राचा लांबच लांब हात त्याचे यार्डात ढीग रचायचा. तिथून पुढे तो जहाजात जायचा. हात फिरवण्याआधी तीन भोंगे द्यायचे, अर्धा मिनिट थांबायचं, खाली कुणी नाही ना ते बघायचं, असा नियम होता. खाली कधीच कुणी नसायचं. कावळे तेवढे असायचे. भोंगेराव कावळ्यांची शाळा सोडतात, असं पट्ट्यावरची मंडळी म्हणायची. घरी बायको म्हणायची, "स्वयंपाकघरात वळतानाही वाजवत चला, म्हणजे मी बाजूला होईन." भोंगेराव हसण्यावारी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन भोंगे द्यायचे.

नवे साहेब मात्र हसण्यावारी नेणाऱ्यांतले नव्हते. धक्क्याला जहाज लागलेलं, बाहेर वॅगनची रांग खोळंबलेली, आणि हा गृहस्थ दर वळणाला कावळ्यांसाठी थांबतो, हे त्यांच्या पचनी पडेना. "भोंग्यावरून आता आणखी एक तक्रार आली ना," त्यांनी गेल्याच आठवड्यात बजावलं होतं, "तर तुम्ही खाली. पट्ट्याखाली सांडलेला कोळसा उचलायला." फावडं धरण्याजोगी भोंगेरावांची कंबर राहिली नव्हती. आणि ती उंचावरची काचेची केबिन, समोरचा समुद्र, यावर त्यांचा जीव होता.

साहेबांच्या खोलीत सगळ्यांत पुढे एक आजी बसल्या होत्या. बाकीच्या बायका भिंतीला लागून उभ्या होत्या. भोंगेराव दाराशीच थांबले.

"बोला आजी," साहेब म्हणाले. "भोंग्याचा त्रास होतो ना? आज मिटवूनच टाकू."

"मिटवू नका म्हणून तर आलोय," आजी म्हणाल्या. "भोंगा बंद करणार असं कानावर आलं. हेच का ते, वाजवणारे?"

साहेबांनी मान हलवली. आजींनी भोंगेरावांना पायापासून डोक्यापर्यंत निरखून पाहिलं, सोयरीक ठरवायला आल्यासारखं. मग त्या सांगू लागल्या. समुद्राकडून वारा सुटला आणि यंत्राचा हात कुंपणाकडे वळला, की काळी धूळ थेट वस्तीत येते. पाण्याचे फवारे मारतात, नाही असं नाही, पण वारा काय कुणाच्या बापाचं ऐकतो? भोंगा झाला की वस्तीतल्या बायका दोरीवरचे कपडे ओढतात, खिडक्या लावून घेतात.

"माझ्या नातीला दमा आहे," त्या म्हणाल्या. "पोरगी अंगणात खेळत असते. तिला उचलून आत न्यायला तेवढा वेळ पुरतो. भोंगा वाजत नसे ते आधीचे दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. या वर्षी ती शाळेत पळायच्या शर्यतीत होती. शेवटून पहिली आली, पण पळाली. म्हटलं, ज्यांच्यामुळे पळाली, त्यांचे पाय धरावेत."

आणि त्या खरंच वाकायला लागल्या. भोंगेरावांनी घाईघाईने पुढे होऊन त्यांचे हात धरले. इतक्या वर्षांत त्यांचे आभार मानायला कुणी आलं नव्हतं. साहेबांचा चेहराही निवळला होता. खुर्ची वाचली होती, आता फक्त गप्प बसायचं होतं. पण फुकटचा मान त्यांच्या घशाखाली उतरेना.

"आजी, तुमच्याशी खोटं कशाला बोलू," ते म्हणाले. "तुमच्या नातीचं मला काही ठाऊकच नव्हतं. कुंपणापलीकडे मी कधी नीट पाहिलंसुद्धा नाही. नियम आहे म्हणून वाजवत होतो, एवढंच."

साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू हातचा डाव घालवणारा असला माणूस त्यांनी आजवर पाहिलाच नव्हता. आजींनी मात्र धरलेले हात सोडले नाहीत.

"ते ठाऊक आहे हो," त्या म्हणाल्या. "तुमच्या आधी दोघं जण त्या खुर्चीत बसून गेले. नियम त्यांनाही होताच की."