पांढरी भाकरी

ताटात भाकरी पडली तेव्हा कुठे लीलाबाईंना तिचा रंग दिसला. त्र्याहत्तर साली सगळ्या सोलापूरला रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, मिळत होती, आणि पाहुण्याच्या ताटातली भाकरी होती पांढरीशुभ्र. माहेरची ज्वारी, वळसंगहून गाडीत कडब्याखाली लपवून आलेली. एवढ्या मोठ्या माणसाला लाल भाकरी कशी वाढायची, इतकाच विचार त्यांनी केला होता.

पाहुणे गद्रेसाहेब दिल्लीचे. अन्नधोरणाचा अभ्यास करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था निघत होती, तिच्या मंडळासाठी ते अध्यक्ष शोधत फिरत होते. यादीतलं तिसरं नाव शरच्चंद्रांचं, म्हणजे लीलाबाईंच्या यजमानांचं. खेड्यातलं धान्य शहरात आणायला बंदी घाला, ही शिफारस त्यांचीच, बारा वर्षांच्या अभ्यासातून निघालेली आणि सरकारनं उचललेली.

गद्रेंनी तुकडा मोडला. "काय हो, तुमची ती बंदी लोक पाळतात का?"

हो म्हणा की, लीलाबाईंनी डोळ्यांनीच विनवलं.

शरच्चंद्रांनी ताटाकडे बोट दाखवलं. "लोकांचं राहू द्या. माझ्याच घरात पाळली जात नाही."

संपलं! बारा वर्षांची मेहनत एका भाकरीपायी चुलीत गेली. "चूक माझी हो," लीलाबाई पुटपुटल्या, "ह्यांना ठाऊकसुद्धा नव्हतं."

गद्रेंनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

"वहिनी, आधीचे दोघे म्हणाले, बंदी शंभर टक्के पाळली जाते. भाकरी त्यांच्याकडेही पांढरीच होती."