चार माणसांतली नजर

केतकीनं हातमोजा घातलेला हात हवेत शेवटचा फिरवला आणि खोलीच्या मधोमध तिचे दिवंगत सासरे श्वास घेऊ लागले. जुन्या फोटोंवरून घडवलेले, नुसत्या उजेडाचे, पण हुबेहूब. अशा उजेडाच्या मूर्ती घडवायला शिकवणाऱ्या यंत्रानं शाबासकी दिली. मात्र घरच्या माणसानं ओळखल्याशिवाय ती पास होणार नव्हती.

सासूबाई, गोदाक्का, खुर्चीत ताठ बसून बघत होत्या. "कान बरोबर, मिशी बरोबर. पण हे ते नव्हेत."

"आई, काय चुकलं ते तरी सांगा!" केतकी रडकुंडीला आली.

"हा मेला माझ्याकडे टक लावून बघतोय! चार माणसांत त्यांनी कधी माझ्याकडे बघितलं नाही. फोटोत ते बघायचे फोटोवाल्याकडे, आणि तू ती नजर माझ्या माथी मारलीस."

केतकीनं मूर्तीच्या स्वभावात ती सवय घातली. मूर्तीनं लगेच घसा खाकरून नजर दाराकडे वळवली. गोदाक्कांचा हात आपसूक पदराकडे गेला.

"आले," त्या हळूच म्हणाल्या.

"मग झाले ना मी पास?"

"झालीस. आता बाहेर जा आणि दार ओढून घे."

"का हो?"

"तू इथं उभी असेपर्यंत ते माझ्याकडे बघतील कसे?"