मागचे पाय

रेक्झिनचा आणि घामाचा एकत्र वास.

टाचेचे ठोके. एक म्हणजे बस. दोन म्हणजे चल.

"काल लसूण हाणलास ना? पाठीवर कळतंय मला."

फ्रिजवर चुंबकानं लावलेलं चित्र: तपकिरी घोडा, त्याला बाबांची मिशी आणि बाबांचा चष्मा.

आणि तुमचे बाबा काय करतात, असं बाईंनी वर्गात विचारल्यावर गोटीनं ताठ उभं राहून दिलेलं उत्तर: "आता कुलपं दुरुस्त करतात. आधी घोडा होते."

खोटं त्यात काहीच नव्हतं. मुलांच्या एका नाटकात घोडा होता, घोड्यात दोन माणसं होती, आणि कुलूपवाला त्यांतला एक. दुसऱ्याला मंडळीत सगळे मुंडी म्हणत, कारण तो घोड्याचं तोंड. कुलूपवाल्याला काय म्हणत, हे त्यानं घरी कधी सांगितलं नव्हतं. त्याला शेपट्या म्हणत.

आज रविवार, दुपारचा खेळ. तिसऱ्या रांगेत मध्ये गोटी, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला तो. नाटक तेच. घोडा तोच, कातडं तेवढं नवं. मुंडी अजून पुढेच होता. मागचे पाय कुणा नव्या पोराचे.

त्यानं हे नाटक कधी पाहिलंच नव्हतं. वर्षानुवर्षं केलं, पण घोड्याच्या पोटात वाकून उभ्या असलेल्या माणसाला पुढच्याचा पट्टा तेवढा दिसतो. हसू कानावर यायचं ते डोक्यावरून पांघरूण घेतल्यासारखं. राजा भाषणाला उभा राहिला की पोरं खदाखदा हसायची, दर प्रयोगाला, त्याच जागी. त्याला वाटायचं, मुंडी डोळे फिरवत असेल, काहीतरी चाळे करत असेल.

राजा भाषणाला उभा राहिला. कुलूपवाला सरसावून बसला.

मुंडी हललासुद्धा नाही. राजाकडे तोंड करून घोडा गंभीर उभा. मागे मात्र एक पाय हळूच वर आला आणि दुसऱ्या पायाची पोटरी खाजवू लागला. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली.

कातडं रेक्झिनचं, टोचायचं. एकदा त्याला तिथं खरोखरच खाज सुटली होती, मग रोज तिथंच सुटायला लागली. तो गेला, खाज नाटकात राहिली. या नव्या पोराला ती कुणीतरी शिकवली असणार.

"बाबा, पाय हलवू नको ना," गोटी म्हणाली. "माझी खुर्ची हलतेय."

मध्यंतरात तो पॉपकॉर्नच्या रांगेत गेला. मायलेकी जागेवरच बसून राहिल्या.

उरलेल्या खेळात त्याचं लक्ष लागेना. खेळ संपला की मंडळी बाहेर येऊन मुलांना भेटतात. मुंडी फटकळ. दिसल्या दिसल्या "काय रे शेपट्या!" म्हणून ओरडणार, आणि फ्रिजवरच्या चित्राचं काय करायचं मग?

"चला, निघू या लवकर. गर्दी होईल," पडदा पडताच तो म्हणाला.

"मला घोड्याला भेटायचंय."

"दमला असेल गं तो."

"मग पाणी देऊ त्याला."

आईनं पिशवीतून बाटली काढली आणि गोटीच्या हातात दिली.

बाहेर मुंडी घोड्याचं डोकं काखेत मारून उभा होता. केस पिकलेले, पोट सुटलेलं. मुलं रांगेनं फोटो काढून घेत होती. नवा पोरगा आत कुठेतरी पंख्याखाली असणार. मागच्या पायांबरोबर फोटो कुणी काढत नाही.

मुंडीनं गर्दीतून त्याला पाहिलं. चेहरा उजळला. "काय रे शे—"

"काका, माझे बाबापण घोडा होते," गोटीनं बाटली पुढे केली.

मुंडीनं तोंड मिटलं. गोटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. गटागटा पाणी प्यायला.

"होते तर," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा जास्त घोडा होते."

"मग दोघं करून दाखवा ना!"

मुंडीनं काखेतलं डोकं काढून त्याच्यापुढे धरलं. घे म्हणाला नाही. नुसतं धरून राहिला.

कुलूपवाल्यानं ते हातात घेतलं. वाटलं होतं त्यापेक्षा खूपच हलकं निघालं. त्याच्या आत मुंडीच्या घामाचा वास होता आणि दोन बारीक भोकांतून उजेड येत होता. एवढंच जग दिसायचं तर मुंडीला. त्यानं एकदा भोकांतून गोटीला पाहून घेतलं. मग डोकं मुंडीच्या डोक्यावर नीट बसवलं, त्याच्या मागे गेला आणि वाकला.

"पाठ मोडेल, म्हाताऱ्या," आतून आवाज आला.

"तू आधी पोट आवर. पट्टा हाताला लागत नाहीये."

टाचेचे दोन ठोके.

घोडा निघाला. तिकीटखिडकीला वळसा घालून, पायऱ्यांपाशी वळून, पोरांचा घोळका मागे घेऊन. मध्येच थांबला, आणि त्याचा एक मागचा पाय दुसऱ्याची पोटरी खाजवू लागला. हशा आला. या वेळी मध्ये पांघरूण नव्हतं. पण वाकलेल्या मानेनं त्याला गोटीचा चेहरा काही दिसेना. दिसत होती ती फरशी, आणि फरशीवर दोन छोटे लाल बूट, घोड्याच्या मागच्या पायांना अगदी खेटून.

मध्यंतरात, तो पॉपकॉर्नच्या रांगेत असताना, गोटीनं आईच्या कानात सांगितलं होतं, "बाबा मागचे पाय होता. तिकडे ते हलले की इकडे त्याचे हलतात."