चौकटीची शेपूट

"हा डाग नवा आहे, बाई. खपलीसुद्धा सुटलेली नाही अजून," प्रुइट म्हणाला.

बैलाच्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडानं उठवलेली मालकीची खूण सगळ्यांना दिसत होती. पत्त्यांतली चौकट, आणि तिच्या खालच्या टोकाला लोंबणारी शेपूट.

"पतंग आहे तो," व्हेस्टा स्टोक्स म्हणाली. "माझ्या नावावर नोंदवलाय. यंदाच्या वसंतात."

"आणि नुसती चौकट कर्नल लॅथ्रॉपची. तिला शेपूट लावली की झाला पतंग! कुणाला शिकवताय?"

प्रुइट हा पशुपालक संघाचा तपासनीस. उत्तरेकडे निघालेले कळप रेड रिव्हर ओलांडण्याआधी अडवायचे आणि दुसऱ्याचं जनावर असेल तर बाहेर काढायचं, हे त्याचं काम. चोरी सिद्ध झाली की कळप जायचा आणि पाठोपाठ मालकही झाडाला लटकायचा. बाई म्हणून गय होईल अशी आशा कुणी करू नये.

ही बाई त्याला पहिल्यापासूनच खटकली होती. टेक्सासातून कॅन्सासपर्यंत स्वतः कळप हाकणारी, पुरुषी विजार घालणारी. त्याचं त्याला काही नव्हतं. पण विचारावं एक तर ही बघणार नदीकडे. चोराचे डोळे असेच असतात, असं त्याचं पक्कं मत होतं.

तक्रार कर्नलच्या नव्या मुकादमाची, डॅबनीची. कर्नल आपला मागून घोडा दामटत आला होता, तोही मध्यस्थी करायला.

"जाऊ द्या हो, प्रुइट," कर्नल म्हणाला. "विधवा बाई आहे. माझी जनावरं मी घेऊन जातो, तिला सोडून द्या. परवाच्या हिवाळ्यात बिचारीचं सगळंच गेलं. नवरा, एबनर, कळपाच्या शोधात वादळात शिरला आणि संपला. कळपातलंही एक जनावर वाचलं नाही. ओढ्यात थिजून पडलेली होती सगळी, या डोळ्यांनी पाहिलीत. एबनरला पुरला तोही मीच."

त्यानं टोपी काढून छातीशी धरली. प्रुइटला गलबलून आलं. असल्या माणसाची जनावरं चोरायची म्हणजे हद्द झाली!

"ते काही नाही," तो म्हणाला. "एक बैल मारून कातडं सोलतो. वरून डागाचं काय वाटेल ते करा. आतल्या बाजूला जुना डाग खोल असतो, नवा तिथवर पोचत नाही."

व्हेस्टाचा चेहरा उतरला.

"नको," ती घाईघाईनं म्हणाली. "पाया पडते. चौकटीची सगळी घेऊन जा, पण सोलू नका."

"बघा, कबूलच करतेय ती," कर्नल म्हणाला. "मिटलं तर मग. नदीही चढायला लागलीय."

पण प्रुइटला नको म्हटलं की तो हटून बसायचा. साऱ्या खोऱ्याला त्याचा हा स्वभाव माहीत होता. त्यानं बंदूक काढली.

"मग एवढं तरी करा," व्हेस्टा रडवेली होऊन म्हणाली. "बैल डॅबनीला निवडू दे. सुरी तुमची चालवा. माझ्या माणसांना जवळ येऊ देऊ नका."

डॅबनी चुकून हिचाच एखादा बैल निवडेल अशी आशा असणार हिला, प्रुइटनं मनात म्हटलं. डॅबनीनं डागाच्या शेपटीवरची ताजी खपली बघूनच बैल निवडला. बार झाला. कळप बिथरला, गुराख्यांनी तो कसाबसा आवरला.

प्रुइटनं कातडं सोललं, आतली बाजू वर करून गवतावर पसरलं आणि नदीचं पाणी मारलं. शेपूट नावालाही उमटली नव्हती. ही तर वरवरची, ताजी. त्यानं हसत वर पाहिलं. कर्नल मात्र हसत नव्हता.

मग त्यानं चौकट शोधली. वरच्या दोन रेघा अगदी पुसट होत्या, त्याही कडेकडेनं. खालच्या दोन जाड, जुन्या, बोटाला लागतील इतक्या खोल. त्यानं पुन्हा पाणी मारलं. तळहातानं घासलं.

"मोठ्यानं वाचा, साहेब," व्हेस्टा म्हणाली. तिच्या आवाजात आता रडणं नव्हतं. "मी सोललं असतं तर बाईचं कुभांड म्हणाला असतात."

"व्ही," प्रुइट म्हणाला.

डॅबनी पुढं होऊन वाकला. तो या मुलखात नवा होता.

"ही कुणाची खूण?"

कर्नलबरोबर आलेल्या जुन्या माणसांनी माना फिरवल्या.

"एबनरच्या कळपाची," व्हेस्टा म्हणाली. "हा बैल परवाच्या हिवाळ्यातच मेलाय. कर्नलसाहेबांनी डोळ्यांनी पाहिलंय."