चादरीची मागची बाजू

नरसंहाराच्या स्मृतींचं कायमस्वरूपी प्रदर्शन भुवनेश्वरीने आखलं होतं. त्यात तिला सर्वांत जास्त अभिमान होता तो मारल्या गेलेल्यांची नावं विणलेल्या चादरीचा. तीन वर्षं शोधूनही सतरा नावं मिळाली नव्हती. त्यांच्या जागा तिने कोऱ्या ठेवल्या होत्या.

विणकर नरसय्यामामांनी चादर दालनात टांगली. "एक धागा सुटलेला दाखवा मॅडम, माग मोडून टाकतो की!"

तिने हसत चादर उलटून पाहिली. पुढून कोऱ्या असलेल्या जागांवर मागून नावं होती.

"मामा, ही तुम्ही विणलीत?"

मामांनी चष्मा पुसून वीण चाचपली. त्यांची मान ताठ झाली. "आमची न्हाय ही. पण हात सोलापूरचाच हाय."

सोळा नावं पुरी होती. सतरावं अर्धंच होतं. भुवनेश्वरीने त्यावर बोट ठेवलं.

बोटाखाली धागा सरकला आणि पुढचं अक्षर उमटलं.